विट्याहून जानेवारीत श्रीनगरला गाडी न्यायची आहे. कूलंट तपासायचं आणि बदलायचं कसं?

खानापूरकर (विटा)

नमस्कार मंडळी. आमचं गाव विट्यापासून जवळच. घरातली अर्धी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, त्यामुळं देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात भावकीतलं कुणीतरी असतंच. थोरले बंधू बरीच वर्षं श्रीनगरला आहेत. घरची डिझेल गाडी आता त्यांना द्यायची ठरली आहे आणि जानेवारीत मी ती चालवत घेऊन जाणार आहे. म्हणजे नुसत्या प्रवासापुरता प्रश्न नाही. पुढचे सगळे हिवाळे ती गाडी तिकडंच, घराबाहेर उघड्यावर काढणार.

बंधूंनी फोनवर पहिली गोष्ट विचारली ती ही, की कूलंटमध्ये अँटिफ्रीझ किती आहे? तिकडं २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ असतो, रात्री पारा उणे पाच-सहाच्या खाली सहज जातो, घरातले नळ गोठतात. गुलमर्गकडं गेलं तर त्याहून खाली. इथं विट्यात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. आपल्याकडं कूलंट म्हणजे गाडी तापू नये म्हणून घालायचं, एवढंच.

गाडी २०१५ ची, लाखाच्या वर चाललेली. पुस्तकात कूलिंग सिस्टिमची क्षमता ६ लिटर दिली आहे. मूळ कूलंट गुलाबी होतं. मधे रेडिएटरची खालची होज (रबरी नळी) फुटली तेव्हा एका गॅरेजमध्ये ती बदलून घेतली. त्यांनी बोअरचं पाणी भरलं आणि वरून हिरव्या कूलंटचा डबा ओतला. आता टाकीत डोकावलं तर मातकट पिवळट असं काहीतरी दिसतं. ते तपासून बघायचं की सरळ काढून टाकायचं? तपासायचं तर कशानं? आणि घरच्या घरी बदलता येईल का? हातानं काम करायची सवय आहे, पाने-पक्कड घरात आहेत.

कृष्णाकाठ (इस्लामपूर)

दादा, एवढा विचार कशाला करताय. हिरवं असेल तर जुन्या पद्धतीचं, गुलाबी असेल तर नवीन पद्धतीचं. तुमचं मिसळलंय, तर सगळं काढा, दुकानातून तयार कूलंटचा पाच लिटरचा कॅन आणा आणि भरा. आमच्या दोन्ही गाड्यांना तेच करतो, कधी त्रास नाही.

मिरजेचा फिटर

खानापूरकर दादा, आधी तपासा. न तपासता काढलंत तर सिस्टिममध्ये आतून काय झालंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुम्ही ही गाडी घरच्या माणसाला देताय.

कृष्णाकाठ यांनी रंगाचं सांगितलं ते बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, पण रंगावर भरवसा ठेवू नका. रंग हा नुसता डाय असतो. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं, म्हणजे सिलिकेट-फॉस्फेटवालं, दोन वर्षांत बदलायचं. दुसऱ्या कंपनीचं हिरवं सेंद्रिय आम्लांवर चालणारं, पाच वर्षं टिकणारं. नुसतं बघून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. हे दोन प्रकार एकमेकांत गेले की टिकाऊपणा कमी होतो, काही वेळा जेलीसारखा गाळ धरतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, हीटरच्या कोअरमध्ये (गाडीत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) जाऊन बसतो.

कूलंटला दोन प्रश्न विचारायचे असतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या साधनांनी मिळतात. हे किती अंशाला गोठेल, हा पहिला. गंज थांबवणारी रसायनं त्यात शिल्लक आहेत का, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. इथंच घोळ होतो. कारण गोठण्यापासून वाचवणारं जे इथिलीन ग्लायकोल असतं ते वर्षानुवर्षं राहतं, गळती नसेल तर फारसं कमी होत नाही. गंजरोधक रसायनं मात्र रोज खर्च होत असतात. ती संपली की ग्लायकोल हळूहळू आंबायला लागतं, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती ॲल्युमिनियम खायला सुरुवात करतात. म्हणजे जे कूलंट उणे तीसलाही गोठणार नाही ते आतून पंप खात असू शकतं.

आता पहिला प्रश्न. निम्मं ग्लायकोल, निम्मं पाणी असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकोल एक तृतीयांश असेल तर उणे १८ च्या आसपास, पाव असेल तर उणे १२. मग निव्वळ ग्लायकोलच भरलं तर आणखी बरं, असं काही जणांना वाटतं. तसं करू नका. निव्वळ ग्लायकोल उणे १३ च्या जवळपासच गोठतं. पाण्याशी मिळूनच त्याची ताकद वाढते, आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढं गेलात की संरक्षण उलट घटतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस आहे, त्यामुळं घट्ट मिश्रणानं उन्हाळ्यात गाडी जास्त तापते.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हातात मावणारी दुर्बिणीसारखी नळी असते, पुढं तिरकी काच आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण. आधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेष शून्यावर आणायची, स्क्रू असतो त्याला. मग काच पुसून कूलंटचा एक थेंब, झाकण दाबायचं, उजेडाकडं धरून बघायचं. वरचा भाग निळा, खालचा पांढरा, दोन्हींच्या मधली रेष ज्या आकड्यावर तो तुमचा गोठणबिंदू. काचेवर हवेचा बुडबुडा राहिला तर रेष अंधूक दिसते, तसं झालं तर पुसून परत टाका. थेंब शक्यतो रेडिएटरमधला घ्या. काही गाड्यांत बाजूची बाटली नुसती ओव्हरफ्लोची असते, तिच्यातलं पाणी आतल्याशी नीट मिसळलेलं नसतं.

तरंगणाऱ्या गोळ्यांचा किंवा काट्याचा कूलंट हायड्रोमीटरही मिळतो. अंदाज येण्यापुरता बरा. पण बॅटरीचा हायड्रोमीटर यासाठी वापरू नका. निम्म्या-निम्म्या कूलंटची घनता १.०७ च्या आसपास असते आणि बॅटरीच्या मीटरवर आकडे बहुतेक १.१० पासूनच सुरू होतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पट्ट्या. कूलंटसाठीच्या वेगळ्या मिळतात, नाही मिळाल्या तर साध्याही चालतील. नवीन कूलंट नेहमी सातच्या वर असतं, जुन्या पद्धतीचं तर दहापर्यंतही जातं. सातच्या खाली आलं असेल तर ते ठेवायचं नाही, गोठणबिंदू कितीही चांगला असला तरी.

सोबत मल्टिमीटरनं एक तपासणी करा. डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायरचं टोक रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा, धातूला लागू देऊ नका. ०.३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर कूलंट बॅटरीसारखं वागायला लागलंय, आतला धातू झिजतोय. दिवे किंवा पंखा चालू केल्यावर आकडा उडी मारत असेल तर कुठली तरी अर्थिंग ढिली आहे आणि करंट कूलंटमधून वाट काढतोय. मग कूलंट कितीही वेळा बदललं तरी नवीन रेडिएटर गळणारच, आधी अर्थिंग शोधावी लागेल.

आणि एक काम साध्या डोळ्यांनी. काचेच्या स्वच्छ बाटलीत कपभर कूलंट काढून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाला काय बसलंय बघा. तांबूस म्हणजे लोखंडाचा गंज. पांढरी भुकटी म्हणजे क्षार किंवा ॲल्युमिनियमची झीज. वर तेलाचा तवंग किंवा चहासारखा दुधाळ रंग असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) नाहीतर ऑईल कूलर गेलाय. तसं असेल तर कूलंटचं काम थांबवा, आधी ते उघडून बघायचं.

हे सगळं गार इंजिनवर. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. तशी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

द्राक्षबाग (तासगाव)

फिटर काका, तुम्ही ज्या मीटरचं वर्णन केलंत तो आमच्या घरात आहे की! द्राक्षाची गोडी बघायला ब्रिक्स मीटर वापरतो, मणी पिळून थेंब टाकायचा आणि निळ्या-पांढऱ्याची रेष बघायची. तोच चालेल का? आकडा कसा बदलून घ्यायचा?

मिरजेचा फिटर

तत्त्व तेच आहे. पाण्यात काहीतरी विरघळलं की प्रकाश किती वळतो ते बदलतं, त्यावरच दोन्ही चालतात. पण तुमच्या मीटरवरचं स्केल साखरेचं आहे. बागेत वापरतात ते मीटर साधारण ३२ ब्रिक्सपर्यंतचे असतात आणि निम्म्या-निम्म्या कूलंटची रेष अगदी त्या टोकाला जाते, आकडा धड वाचता येत नाही. कूलंटचा मीटर वेगळा घ्या. त्यात इथिलीन ग्लायकोलचं, प्रॉपिलीन ग्लायकोलचं आणि बॅटरी ॲसिडचं अशी वेगवेगळी स्केलं एकाच काचेवर असतात. तुम्ही इथिलीनवालं वाचायचं, शेजारचं प्रॉपिलीनचं वाचलंत तर आकडा चुकेल.

आणि हे मनापासून सांगतो, ज्या काचेवर कूलंट टाकलं त्या काचेवर द्राक्षाचा थेंब कधीही टाकू नका. पोरं-बाळं बागेत असतात, मीटरला लागलेलं बोट तोंडात जातं. ग्लायकोल विष आहे, त्याबद्दल पुढं लिहितोच.

तुमच्या भागातलं म्हणून एक विचारतो. बोअरच्या पाण्यावर ड्रिप चालवता तेव्हा लॅटरलच्या ड्रिपरमध्ये क्षार धरतो आणि तुम्ही ॲसिड सोडून तो काढता, बरोबर? तोच क्षार खानापूरकरांच्या इंजिनात धरतोय, फक्त तिथं शंभर अंशांच्या जवळ तापलेल्या भिंतीवर. तिथं ॲसिड सोडता येत नाही, ॲल्युमिनियमचं हेड खाऊन टाकेल. आमच्या मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यातल्या पाण्यावर चाललेल्या एका गाडीचा वॉटर पंप मी परवाच काढला. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर पांढरा खडबडीत थर, तो नखानं निघेना. थर्मोस्टॅट अर्धवट उघडून अडकलेला. मालक म्हणत होता की कूलंट वेळच्या वेळी घालतो. घालत होताही. पाणी बोअरचं होतं.

म्हणून पाणी डिस्टिल्डच. बॅटरीसाठी मिळतं तेच, फक्त ॲसिड मिसळलेलं नाही ना ते डब्यावर वाचून घ्या. घरच्या आरओचं पाणी अगदीच अडचणीला चालेल, कायमसाठी नको.

वाईकर वडाप

वाई, पाचगणी, महाबळेश्वर अशी वडापची गाडी चालवतो, म्हणून घाटाबद्दल चार शब्द. पसरणी घाट चढताना पॅसेंजर भरलेली गाडी, एसी चालू, पुढं टुरिस्टची रांग, दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. तिथं नुसत्या पाण्यावरच्या गाड्या वाफ सोडत कडेला उभ्या राहिलेल्या बघतो. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर उघडं पाणी शंभरला उकळत नाही, पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळी धरतं. आणि गाडीचा रेडिएटरचा पंखा त्याच सुमाराला चालू होतो. म्हणजे झाकण दाब धरत नसेल तर गाडीला तापायलाही सवड मिळत नाही, आधीच पाणी उडतं.

त्यामुळं दादा, कूलंट बदलताना झाकण बघायला विसरू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. खालचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर झाकण बदला, आणि त्याच आकड्याचंच घ्या. तुम्हाला विटा ते श्रीनगर मधे खंबाटकीपासून बनिहालपर्यंत घाटच घाट आहेत.

थंडीचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात, पहाटे गाडीच्या टपावर पांढरी साय असते. पण इंजिनातलं पाणी गोठल्याचं आमच्याकडं मी तरी ऐकलं नाही. तुमच्या बंधूंकडची गोष्ट वेगळी.

खानापूरकर (विटा)

सगळ्यांचे आभार. मीटर आणि पट्ट्या मागवल्या, काल सकाळी गार इंजिनवर सगळं तपासलं. शून्य लावून घेतलं होतं.

रिफ्रॅक्टोमीटर: उणे १२. पीएच पट्टी: साडेसहाच्या रंगाला जुळते. मल्टिमीटर: ०.४ च्या आसपास, दिवे लावून, पंखा लावून फरक पडत नाही. बाटलीत तळाला तांबूस बारीक गाळ, बोटात चोळला तर किंचित खरखरीत. तेलाचा तवंग नाही.

फिटर काका, उणे १२ म्हणजे श्रीनगरला पुरेल ना? नुसतं ग्लायकोल वाढवून भागेल का, की सगळंच काढू?

मिरजेचा फिटर

शाब्बास, नीट तपासलंत. आता बघा.

उणे १२ म्हणजे पाव भाग ग्लायकोल. आपल्याकडं काही कूलंटच्या डब्यांवर एकास तीन असं प्रमाण दिलेलं असतं, ते आपल्या हवेपुरतं असतं आणि त्यानं हाच आकडा येतो. श्रीनगरच्या नेहमीच्या रात्रीला तो कागदावर पुरतो, पण गुलमर्गच्या रात्रीला हातात काही उरत नाही. आणि कूलंट एकदम दगडासारखं गोठत नाही. त्या आकड्याला आधी बर्फाचे कण धरतात, बर्फाच्या गोळ्यासारखा लगदा होतो, तो रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. सकाळी इंजिन चालू केलं की बाहेर बर्फ आणि आत इंजिन तापतंय, अशी गत होते. त्याखाली पारा गेला तर पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, रेडिएटर आणि ब्लॉकला तडे जातात. ब्लॉक गेला की गाडी गेली.

नुसता गोठण्याचाच प्रश्न असता तर काम सोपं होतं. ६ लिटरमध्ये तुमचं दीड लिटर ग्लायकोल आहे. दोन लिटर काढून टाकलं की त्यासोबत अर्धा लिटर गेलं, राहिलं एक. वरून दोन लिटर न मिसळलेलं कूलंट घातलं की झालं तीन, म्हणजे निम्मं. पण पीएच साडेसहा आणि ०.४ व्होल्ट हे दोन्ही एकच सांगताहेत, की गंजरोधक संपलंय. तो तांबूस गाळ आतल्या लोखंडाचा गंज आहे. सगळं काढायचं.

कॅन विकत घेताना "रेडी टू यूज" घेऊ नका, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्या. कारण समजून घ्या, इथं भलेभले फसतात. खालचा ड्रेन कॉक उघडला तरी सगळं ६ लिटर बाहेर येत नाही. ब्लॉकमध्ये, हीटरमध्ये दोनेक लिटर राहतं. तुम्ही पाण्यानं धुतलं म्हणजे ते दोन लिटर पाणी झालं. त्यावर चार लिटर निम्मं-निम्मं तयार मिश्रण भरलंत तर ६ लिटरमध्ये ग्लायकोल दोनच लिटर. म्हणजे उणे १८, आणि तुम्ही समजणार उणे ३७. म्हणून आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट मोजून घालायचं, मग जेवढं मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. आतल्या पाण्याला धरून बरोबर निम्मं होतं. प्रकार कुठला घ्यायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा आणि डब्याच्या पाठीवर तेच मानक लिहिलंय का ते ताडून घ्या. आपलं आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६, यातलं जे पुस्तकात असेल ते. गुलाबी आहे म्हणून गुलाबी, असं नको.

कामाला बसाल तेव्हा गाडी सपाटीवर, इंजिन पूर्ण गार. हीटरचा नॉब गरमच्या टोकाला फिरवा, म्हणजे हीटरकडची वाटही उघडी राहते. खाली रुंद टब सरकवा, मग झाकण काढा, मग ड्रेन कॉक सैल करा. कॉक प्लास्टिकचा असतो, जुना झाला की पटकन तुटतो, पान्यानं ताकद लावू नका. अडला असेल तर खालच्या होजची क्लिप सोडवा. होज चिकटलेली असते, ओढायच्या आधी हातानं गोल फिरवून सोडवून घ्या, नाहीतर रेडिएटरचं नळकांडं तुटेल. होज तिथंच दाबून बघा. मऊ पडली असेल, फुगली असेल, टोकाला चिरा असतील तर आत्ताच बदला.

रिकामं झालं की डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी चालू करा, हीटर चालूच. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, वरची होज हाताला गरम लागली की उघडला समजा. आणखी थोडा वेळ चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. निघणारं पाणी बाटलीत धरून बघा आणि नितळ येईपर्यंत हेच. तुमच्या गाळाकडं बघता पाच लिटरचे तीन कॅन तरी लागतील असं धरून चला. मधे घाई करून गरम ब्लॉकवर गार पाणी ओतू नका, हेड वाकतं.

मग भरणं. हळू, बारीक धारेनं. भरभर ओतलंत तर आत हवा अडकते, आणि हवेचा बुडबुडा थर्मोस्टॅटपाशी बसला की काटा वर-खाली नाचतो, हीटर गार हवा फेकतो. एअर काढायचा स्क्रू असेल तर सैल ठेवा, त्यातून बुडबुड्याशिवाय धार आली की बंद करा. झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, वरची होज अधूनमधून दाबा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पातळी खाली जाईल तसं घालत रहा. झाकण लावा, एक फेरी मारून या, रात्रभर गार होऊ द्या. सकाळी पातळी बघा आणि पुन्हा मीटर लावा. मीटर लावायचा तो यावेळी, सगळं मिसळल्यावर. भरल्या-भरल्या लावला तर खोटा आकडा येतो.

आता विषाचं. जुनं कूलंट टबात उघडं ठेवून चहाला जाऊ नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं येऊन चाटतात. मांजराला चमचाभरसुद्धा जीव घ्यायला पुरतं. मूत्रपिंडात त्याचे खडे धरतात आणि मग हातात काही राहत नाही. सुरुवातीला प्राणी नुसता झिंगल्यासारखा दिसतो, लोक दुर्लक्ष करतात. लहान मुलानं चुकून घोट घेतला तर लक्षणांची वाट बघायची नाही, घरी उलटी करवायची नाही, डबा सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात. यावर उतारा असतो, पण तो पहिल्या काही तासांतच कामाचा. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीही भरून ठेवू नका. गटारीत, ओढ्यात, बांधावर ओतायचं नाही. जुन्या ऑईलचा कॅन असेल त्यात भरा, त्यावर ठळक "विष" लिहा, आणि जे मोठं वर्कशॉप जुनं ऑईल अधिकृतपणे उचलायला देतं त्यांना विचारून द्या. ऑईलमध्ये मिसळू मात्र नका, वेगळंच ठेवा. सांडलेल्यावर माती टाका, गोळा करा, जागा भरपूर पाण्यानं धुवा.

मूळ आटपाडी, सध्या जम्मू

विटेकर भाऊ, आम्हीही गलाईवाले. वडिलांपासून इकडं आहोत, श्रीनगरला दुकानाच्या कामानं नेहमी जाणं असतं. कूलंटचं फिटर काकांनी सगळं सांगितलंच, इकडचे दोन-तीन मुद्दे जोडतो.

तुमची गाडी डिझेल आहे, तर कूलंटइतकीच काळजी डिझेलची घ्या. खालच्या सपाटीवरचं डिझेल टाकी भरून वर नेलंत तर कडाक्यात त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. जम्मू सोडताना टाकी कमी ठेवा, वर पोचल्यावर तिथल्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल काढलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. श्रीनगरला एवढ्याची गरज नाही, पण बंधू पुढं कारगिलकडं जाणार असतील तर लक्षात असू द्या.

काचेवर उडवायचं वायपरचं पाणीही गोठतं, टाकी आणि पाइप फुटतो. त्यात कूलंट घालायचं नाही, काचेवर चिकट थर बसतो आणि ते विष आहे. त्यासाठीचं वेगळं न गोठणारं द्रव मिळतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल आणि लायनर ओलसर असले की गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

आणि निघायच्या आधी हीटर खरोखर गरम येतो का ते बघा. आपल्याकडं थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, उलट काटा खाली राहतो म्हणून बरं वाटतं. इकडं त्या गाडीत इंजिन गरमच होत नाही, काचेवरची वाफ जात नाही, पुढचं दिसत नाही. बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा संपतो आणि बाहेर एकदम बर्फातली हवा लागते, तिथं काच धुकटली तर जीवावर बेततं.

खानापूरकर (विटा)

काम झालं. धुतलेलं पाणी शेवटी नितळ आलं. होज आणि झाकण नवीन टाकलं, थर्मोस्टॅटही बदलला, कारण काढल्यावर त्याच्या कडेला तोच पांढरा थर होता जो काकांनी सांगितला. सांगितल्याप्रमाणे तीन लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर डिस्टिल्ड. आज सकाळचं रीडिंग उणे ३५, पीएच आठच्या जवळ, मल्टिमीटरवर ०.१. हीटर हात धरवत नाही इतका गरम. जुनं कूलंट कॅनमध्ये बंद करून गोठ्यापासून लांब, कुलुपात ठेवलंय, कराडच्या एका वर्कशॉपनं घ्यायची तयारी दाखवली आहे.

एक शंका. पातळी रात्रीतून बोटभर खाली गेली. गळती कुठं दिसत नाही.

मिरजेचा फिटर

आकडे छान आहेत. बोटभर खाली गेली ती राहिलेली हवा निघाली म्हणून. उरलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून एक लिटरचा डबा तयार करा, त्यातलं मॅक्सच्या रेषेपर्यंत घाला आणि डबा डिक्कीत ठेवा. वाटेत नुसतं पाणी कुठंही घालायचं नाही. पहिले दोन-तीन मुक्काम रोज सकाळी गार इंजिनवर पातळी बघा. एकदा स्थिर झाली की झालं. तिसऱ्या मुक्कामानंतरही रोज खाली जात असेल तर पुढं जाऊ नका, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून ओघळ आहे का आणि गाडीतल्या पायाखालच्या मॅटखाली ओलं आहे का ते बघा. मॅट ओली आणि गोडसर वास म्हणजे हीटर कोअर गळतोय.

बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि कूलंटचं मानक एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे तिकडचा मिस्त्री दुसरं काही ओतणार नाही. मीटर गाडीसोबतच जाऊ द्या, बंधूंना तिकडं दर नोव्हेंबरला लागेल.